कॅथलिक ख्रिश्चनांना दहन चालतं का? चर्चचा खरा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे

घरी प्रार्थना, चर्चमध्ये मिस्सा आणि मग सिमेट्रीत दफन. पुण्यातल्या कॅथलिक कुटुंबांमध्ये अंत्यविधी म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे घरातल्या कुणी ‘मला पुरू नका, वैकुंठला न्या’ असं सांगून ठेवलं असेल, तर मागच्यांची पंचाईत होते. फादर मिस्सा करतील का? नातेवाईक काय म्हणतील?

फादर मिस्सा करतील. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्येच परवानगी दिली आहे. साठ वर्षं उलटून गेली, तरी अनेक कॅथलिक घरांतही हे माहीत नसतं.

आधी बंदी होती, हे मात्र खरं. येशूला कबरीत ठेवलं होतं आणि तिथूनच त्याचं पुनरुत्थान झालं, ही श्रद्धा असल्याने ख्रिस्ती लोक सुरुवातीपासून दफन करत आले. एकोणिसाव्या शतकात युरोपात चर्चविरोधी गटांनी दहनाचा प्रचार सुरू केला. मेलेला पुन्हा उठत नाही, हे ठासून सांगण्याचा तो एक मार्ग होता. त्यावर १८८६ मध्ये व्हॅटिकनने दहनावर बंदी घातली. योगायोग असा की पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांतही त्याच वर्षी स्थापन झाला.

पुढे दहनामागचा हा विरोधाचा सूर ओसरला आणि बंदी उठली. १९८३ च्या चर्च कायद्यातलं कलम ११७६ सांगतं की दफनाची प्रथा पाळावी अशी शिफारस आहे, पण दहनाला मनाई नाही. फक्त ख्रिस्ती श्रद्धा नाकारण्यासाठी कुणी दहन निवडलं असेल, तर चर्चचा अंत्यविधी नाकारला जाऊ शकतो.

कोविडमध्ये हा प्रश्न एकदम अंगावर आला. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं असा आदेश काढला. तो लगेच बदलावा लागला. त्याच वर्षी केरळमधल्या आलप्पुळाच्या लॅटिन धर्मप्रांताने मात्र स्वतःहून मार्ग काढला: दहन करायचं आणि अस्थी सिमेट्रीत पुरायच्या.

खरी मेख या अस्थींमध्येच आहे. २०१६ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की अस्थी पाण्यात, हवेत किंवा जमिनीवर विखुरायच्या नाहीत. दागिन्यांत भरायच्या नाहीत, नातेवाईकांत वाटायच्या नाहीत आणि अपवाद सोडला तर घरातही ठेवायच्या नाहीत. त्या सिमेट्रीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायच्या. त्यामागचं कारण समजायला २ नोव्हेंबरला एखाद्या सिमेट्रीत जावं. त्या दिवशी सगळ्या मृतांचं स्मरण होतं, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतात. गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याची जागा राहावी, चार लोकांनी तिथे प्रार्थना करावी, हा त्यामागचा विचार.

पुण्यात अडचण होते ती मिश्र कुटुंबांची. सासर कॅथलिक आणि माहेर हिंदू असेल, तर ‘अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडू’ हे माहेरच्यांना अगदी साहजिक वाटतं. चर्चच्या नियमात ते बसत नाही. थोडी मोकळीक मिळाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. अस्थींचा अगदी थोडासा भाग मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठिकाणी ठेवायला चर्चचे अधिकारी परवानगी देऊ शकतात, असं व्हॅटिकनने सांगितलं. अट अशी की त्यामागे श्रद्धेशी विसंगत असं काही नसावं. ही सवलत अस्थी ठेवण्यापुरती आहे, नदीत सोडण्यासाठी नाही.

म्हणून दहन ठरलं असेल तर आपल्या चर्चच्या फादरांशी आधीच बोललेलं बरं. पार्थिव चर्चमध्ये आणून आधी मिस्सा, मग विद्युतदाहिनी आणि नंतर अस्थींचं दफन, हा क्रम चर्चला जास्त पसंत आहे. अस्थी कुटुंबाच्या जुन्या कबरीत ठेवता येतील का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. प्रत्येक सिमेट्रीचे नियम वेगळे असतात आणि दुःखाच्या दिवशी अशी विचारपूस करायला घरात कुणाचंच डोकं जागेवर नसतं.