मेन्झेनश्वांट : काळ्या अरण्यातील एक खेडे

राणी व्हिक्टोरियाच्या संग्रहात पंजाबचा शेवटचा महाराजा दुलीपसिंग याचे एक पूर्णाकृती तैलचित्र आहे. अंगावर रत्नालंकार, कमरेला तलवार, गळ्यात मोत्यांच्या माळा आणि त्यांच्या जोडीला राणी व्हिक्टोरियाची हिरेजडित लघुप्रतिमा! १८४९ साली ज्याचे राज्य खालसा झाले, त्या पंधरा वर्षांच्या मुलाचे हे रूप १८५४ च्या जुलै महिन्यात बकिंगहॅम राजवाड्यात रंगविले गेले. चित्रकाराने मुलाला प्रत्यक्षापेक्षा थोडे उंच काढले. तो पुढे वाढेल अशी त्याची अटकळ होती. ती खरी ठरली नाही. बैठकी चालू असतानाच एके दिवशी राणीने कोहिनूर मागविला व तो दुलीपसिंगाच्या हातात दिला. १८५२ साली नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरटचा तो हिरा सुमारे १०६ कॅरटवर आला होता. मुलाने खिडकीच्या उजेडात तो बराच वेळ न्याहाळला आणि मग राणीला परत केला. ज्या चित्रकाराच्या देखत हे घडले त्याचे नाव फ्रान्झ झावेर विंटरहाल्टर. त्याचा जन्म एका राळ गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, मेन्झेनश्वांट नावाच्या खेड्यात झाला होता.

हे खेडे जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या डोंगराळ मुलखात आहे. या मुलखाला श्वार्त्सवाल्ड, म्हणजे काळे अरण्य, असे म्हणतात. त्यातील सर्वांत उंच शिखर फेल्डबेर्ग. त्याची उंची १४९३ मीटर. त्याच्या दक्षिण पायथ्याशी आल्ब नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात मेन्झेनश्वांट वसले आहे. हे खोरे नदीने नव्हे, तर हिमयुगातील हिमनदीने कोरलेले असल्यामुळे त्याचा तळ रुंद व सपाट आणि दोन्ही बाजूंचे उतार उभे आहेत. गावाचे दोन भाग आहेत, वरचे ते मागले गाव व खालचे ते पुढले गाव. दोहोंच्या मध्ये खडकाचा एक आडवा बांध फोडून आल्ब नदी धबधब्याच्या रूपाने खाली उतरते.

गावाच्या नावातच त्याचा इतिहास दडलेला आहे. ‘श्वांट’ हा शब्द अरण्य नाहीसे करण्याच्या एका जुन्या रीतीचा द्योतक आहे. झाडाच्या बुंध्याची साल सभोवार काढून टाकावयाची, झाड उभ्या उभ्या वाळू द्यावयाचे आणि मग ती जागा मोकळी करावयाची, अशी ती रीत. कुऱ्हाडीचा फारसा आवाज न होता झालेल्या या मोकळ्या जागेतून कुरणे निर्माण झाली. या भागातील पुष्कळशी कुरणे सामायिक मालकीची असत आणि त्यांवर हिंटरवेल्डर जातीच्या गाई चरत. ही जात मध्य युरोपातील सर्वांत लहान चणीची. पण उभ्या चढावर तिचे पाऊल सहसा चुकत नाही. घरे लाकडाची. लाकडी चिपांनी शाकारलेल्या भल्या थोरल्या छपराखाली माणसे, गुरे व गवत यांचा एकत्र निवास. हिवाळ्यात बर्फाने दार अडले, तरी गोठ्यात जाण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नसे.

येथील जमीनदार मात्र कोणी सरदार नव्हता, तर मठ होता. खोऱ्यातून खाली उतरले की सेंट ब्लाझिएन लागते. तेथील बेनेडिक्टाइन पंथीयांचा मठ शतकानुशतके या परिसराचा धनी होता. हे साधू विद्वान होते, यात शंका नाही. मठाधिपती मार्टिन गेर्बर्ट (१७२०–१७९३) हा संगीताचा नामांकित इतिहासकार होता. १७६८ च्या आगीत मठ जळाल्यावर त्याने जे घुमटाचे प्रार्थनामंदिर उभारले, त्याचा घुमट युरोपातील मोठ्या घुमटांत गणला जातो. पण विद्वान धन्याच्या राज्यातही रयत वेठीला असू शकते. शेजारच्या हाउएन्स्टाइन परगण्यातील कुळांनी मठाच्या दास्याविरुद्ध अठराव्या शतकात वारंवार उठाव केले. त्यांच्या एका पुढाऱ्याचा धंदा सोरा काढण्याचा होता. त्यावरून या बंडखोरांना ‘सोरेवाले’ असे नावच पडले. हा पुढारी १७२७ साली कैदेत मरण पावला. अखेर १७३८ साली ५८,००० गुल्डेन मोजून या कुळांची दास्यातून सुटका करण्यात आली. स्वातंत्र्याची इतकी रोकड किंमत दप्तरात नोंदली गेल्याची उदाहरणे थोडीच असतील! पुढे नेपोलियनच्या काळात मठच सरकारजमा झाला, हा मुलूख बाडेनच्या ग्रँड ड्यूककडे गेला आणि १८०९ साली साधूंनी ऑस्ट्रियात केरिंथिया प्रांतातील सेंट पॉल येथे नवे बिऱ्हाड केले.

या उलथापालथीच्या वेळी, २० एप्रिल १८०५ रोजी, फ्रान्झ झावेरचा जन्म झाला. पाठोपाठ १८०८ साली त्याचा भाऊ हेरमान जन्मला. तोही पुढे चित्रकार झाला. भावंडांपैकी बरीचशी बालपणीच दगावली. बाप फिडेल सूचिपर्णी झाडांना खाचा पाडून राळ जमवी आणि थोडी शेती करी. फ्रान्झने १८१८ साली, म्हणजे तेराव्या वर्षी, गाव सोडले आणि फ्रायबुर्गला तो शिलामुद्रण व खोदकाम शिकू लागला. तेथून म्युनिक, कार्ल्सरूहे, इटली, पॅरिस अशी चढती कमान. लुई फिलिप, व्हिक्टोरिया, नेपोलियन तिसरा, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ यांपैकी कोणाचे चित्र त्याने काढले नाही? कुर्गच्या पदच्युत राजाची मुलगी गौरम्मा हिला १८५२ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्यात आली. तिचे चित्रही त्याच्याच हातचे. टीकाकारांनी त्याला रेशमाचा व लेसचा चित्रकार म्हणून हिणविले. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण दुलीपसिंगाच्या चित्रातील तो दूरवर लागलेला डोळा पाहिला म्हणजे तो अपुरा वाटतो. परक्यांच्या दरबारात जन्म घालविण्याचा अनुभव चित्रकारालाही नवा नव्हता. १८७३ साली फ्रँकफुर्टमध्ये तो ज्वराने वारला.

यानंतर गावाची कथा हिवाळी पाहुण्यांची. १८९१ साली फेल्डबेर्गवर बर्फावरील घसरपट्ट्या प्रथम आल्या आणि जो बर्फ आजवर केवळ अडचण होता तोच उत्पन्नाचे साधन झाला. हवापालटासाठी लोक येऊ लागले. शेतकऱ्यांच्या माडीवर पाहुण्यांच्या खोल्या झाल्या.

या निवांतपणात १९५७ साली खडा पडला. गावावरील क्रुंकेलबाख ओढ्याच्या खोऱ्यात भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना युरेनियमची खनिजे सापडली. अणुशक्तीच्या त्या उत्साही दिवसांत देशाला ही बातमी आनंदाची वाटली. पण ज्यांचे पोट स्वच्छ हवेवर चालत होते त्या गावकऱ्यांना ती तशी वाटली नाही. एका कंपनीने काम आरंभिले, विरोध झाला, काम मध्यंतरी थांबले आणि पुन्हा सुरू झाले. परवाना होता केवळ शोधकामाचा! त्या शोधातून सुमारे एक लाख टन खनिज बाहेर पडले. परवान्याची भाषा आणि खाणीचे तोंड यांत एवढे अंतर पडू शकते, हे कोणत्याही देशातील दप्तरखान्याला नवल वाटण्यासारखे नाही. खनिजावर प्रक्रिया करणारा एल्वायलर येथील कारखाना १९८९ साली बंद पडला आणि १९९१ साली खाणही बंद झाली. शास्त्राचा लाभ मात्र झाला. येथे जगात प्रथमच आढळलेल्या काही खनिजांना जोलियो, नील्स बोर व हायझेनबर्ग या शास्त्रज्ञांची नावे मिळाली.

गावाचा स्वतंत्र कारभारही १९७० च्या दशकात संपला. ते सेंट ब्लाझिएन शहरात सामील करण्यात आले. जुन्या ग्रामकचेरीत आता विंटरहाल्टर बंधूंच्या कलेचे छोटे दालन आहे. २००५ साली गावात एक स्नानगृह उघडले. त्यात क्रुंकेलबाखच्या डोंगरातील रेडॉनयुक्त पाणी आणले आहे. ज्या डोंगरातील किरणांच्या भीतीने गावाने एके काळी सरकारशी झगडा केला, त्याच डोंगराच्या पाण्यात संधिवाताचे रोगी आता पैसे देऊन बसतात.