गिनी कोंबडी (कीडनियंत्रण)

न्यूमिडिडी कुलातील मूळचा आफ्रिकी पक्षी. शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिआग्रिस. राखी अंगावर पांढरे ठिपके, उघडे निळसर डोके, माथ्यावर हाडाचे शिंग. मांस व अंड्यांसाठी पाळतात. शेतातले आणि गोठ्याभोवतीचे किडे टिपण्यासाठीही मोकळा सोडतात. भारतात या पक्ष्यावरचे मुख्य काम बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत (स्थापना १९७९) झाले. कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी हे तेथील वाण.

उपयोग : नाकतोडे, भुंगेरे, वाळवी, अळ्या, गोचीड आणि तणाचे बी हा पक्षी खातो. कोंबडीइतके उकरत नाही, त्यामुळे कोवळ्या रोपांची नासाडी कमी होते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागातील १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिरवळीवरचे प्रौढ गोचीड या पक्ष्यांमुळे घटल्याचे आढळले. बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी व मक्याच्या पोंग्यातील लष्करी अळी मात्र त्याच्या चोचीला लागत नाही. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बोरीवर उतरतात, तेव्हा पक्षी बसायला गेलेले असतात. नांगरटीत उघडी पडलेली हुमणी तेवढी सापडते. फवारणीला पर्याय म्हणून त्याची शिफारस करणे धाडसाचे होईल.

धानोरा परिसर : नंदुरबार तालुका. कापूस, मिरची, मका, ज्वारी, तूर ही भागातील पिके. बांध, गोठा व उकिरड्याभोवती पक्षी सोडणे सोयीचे. लाल मिरचीच्या पथारीवरून मात्र हाकलावे लागतात, कारण पक्ष्यांना तिखट झोंबत नाही.

संगोपन : मादी मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत अंडी देते, हंगामात सुमारे १००. अंडे ४० ग्रॅमच्या आसपास, कवच जाड. ती गवतात चोरून घालते आणि पिल्ले ओल्या गवतातून फिरवून गमावते. म्हणून अंडी खुडूक देशी कोंबडीखाली ठेवावीत. कोंबडीची २१ दिवसांत फुटतात, यांना २६ ते २८ दिवस लागतात. तेव्हा नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडावी. पहिले काही आठवडे ओल व गारठा हेच मोठे शत्रू. पिल्ले पाण्याच्या भांड्यातही बुडून मरतात. भांड्यात खडे टाकून पाणी उथळ ठेवावे. नर-मादी दिसायला सारखेच. दोन सुरांत ओरडणारी ती मादी. परका माणूस, कुत्रा किंवा मुंगूस दिसताच थवा एकच गिल्ला करतो. राखणीला हे बरे, शेजाऱ्यांना नेहमीच रुचते असे नाही.

रोग : मानमोडीला (राणीखेत) हा पक्षी दाद देत नाही असे सांगितले जाते, तरी लस टाळू नये. बर्ड फ्लूचा धोका त्यालाही आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या कुक्कुटपालनाची सर्वांत ठळक नोंद याच रोगाची. भारतातील एच५एन१ विषाणूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आढळला. नमुन्यांची तपासणी भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत झाली. व्यावसायिक शेडमधले काही लाख पक्षी नष्ट करावे लागले. त्यांच्याबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग निघाला, तो मुख्यत्वे परसातल्या पक्ष्यांत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. बंद शेडमध्ये ये-जा, खाद्य व भांडी यांवर नियंत्रण ठेवता येते. किडे खाण्यासाठी दिवसभर मोकळ्या सोडलेल्या गिनी कोंबडीला असे कुंपण घालता येत नाही, आणि उकाई धरणाचा फुगवटा जवळ असल्याने पाणपक्ष्यांशी तिचा संबंध येऊ शकतो. साथ जाहीर झाली की पक्षी कोंडावेच लागतात. त्या काळात कीडनियंत्रण थांबते व खाद्य विकत घ्यावे लागते.

विक्री : बारा आठवड्यांत वजन साधारण एक किलो.