बिनतारी संदेश आणि शक्तीची मर्यादा



दूरच्या माणसास आपलें बोलणें ऐकूं गेलें नाहीं, तर आपण आवाज चढवितों. मागच्या बांकांवरील मुलांसाठीं मीहि वर्षानुवर्षें हेंच केलें. बिनतारी संदेशवहनाच्या आरंभकाळीं थोर थोर तज्ज्ञांनींहि हाच मार्ग धरिला होता. तो कोठें अडला व ती अडचण कशी दूर झाली, हें आज पाहूं.

१२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर, पतंगानें वर चढविलेल्या तारेच्या साहाय्यानें, ‘एस्’ या अक्षराचे तीन ठोके ऐकूं आल्याचें मार्कोनीनें जाहीर केलें. इंग्लंडांतील पोल्धू केंद्र तेथून सुमारें ३,४०० किलोमीटर दूर होतें. परंतु पुढच्याच वर्षीं ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर त्यास एक चमत्कार आढळला. रात्रीं १,५०० मैलांवर वाचतां येणारे संदेश दिवसा ७०० मैलांपलीकडे लोप पावत! यंत्र तेंच, शक्ति तीच. मग दोष कोठें होता?

तज्ज्ञांनीं निदान केलें, कीं शक्ति अपुरी आहे; ती वाढवावी व लहरी अधिक लांब कराव्या. तथापि या उपायास मर्यादा होत्या. शक्ति दुप्पट केली तरी पलीकडच्या तारेंतील विद्युद्दाब सुमारें १.४ पटच वाढतो. इकडे प्रक्षेपक तारेवरील दाब फार चढविल्यास भोंवतालच्या हवेंतच वीज झिरपूं लागते. शिवाय उष्ण प्रदेशांतील मेघविद्युतेचा खडखडाट लांब लहरींवर अधिक असतो. तरीहि १९२६ सालीं इंग्लंडांत रग्बी येथें ८२० फूट उंचीच्या बारा मनोऱ्यांचें प्रचंड केंद्र सुरू झालें.

खरा उपाय मात्र उपेक्षितांकडून आला. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्यानें हौशी मंडळींस २०० मीटरपर्यंतच्या आंखूड लहरी व १ किलोवॅट शक्ति एवढेंच ठेविलें होतें. त्या लहरी दूरसंदेशास निरुपयोगी समजल्या जात. त्याच मंडळींनीं नोव्हेंबर १९२३ मध्यें, सुमारें १०० मीटरच्या लहरींवर, अटलांटिकपार परस्परांशीं संभाषण केलें. त्याच वर्षीं मार्कोनीनें ‘इलेट्रा’ नौकेवरून केप व्हर्दी बेटांपर्यंत प्रयोग केले. लहर ९७ मीटरची होती. पोल्धूची शक्ति १२ किलोवॅटवरून १ वर आणिली, तरी संदेश स्पष्टच राहिले!

याचें मर्म आकाशांत होतें. वातावरणाच्या उंच भागांत विद्युद्वाहक थर असावा, असें केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ सालींच सुचविलें होतें. अ‍ॅपल्टन यानें १९२४ पासूनच्या प्रयोगांनीं तें सिद्ध केलें. हा थर आंखूड लहरींना पुन्हां पृथ्वीकडे वळवितो. मार्कोनीचा सहकारी फ्रँकलिन यानें त्या लहरी तारांच्या जाळ्यानें एकाच दिशेस झोतासारख्या सोडिल्या. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें अशीच ‘बीम’ सेवा सुरू झाली. तिचें प्रक्षेपण पुण्याजवळील खडकीहून होई, तर ग्रहणकेंद्र दौंड येथें होतें. हीं दोन ठिकाणें दूर ठेवण्यांत शहाणपण होतें. जवळचा गोंगाट असल्यास दूरचा क्षीण स्वर कसा ऐकूं येणार? या स्वस्त सेवेपुढें समुद्रतारांच्या बलाढ्य कंपन्यांसहि १९२९ सालीं बिनतारी व्यवसायाशीं एकत्र यावें लागलें.

अर्थात् आंखूड लहरीहि सर्वकाळ सारख्या चालत नाहींत. ऋतु, रात्र व सूर्यावरील डाग यांप्रमाणें लहर बदलावी लागते. थरानें एखादी लहर वळविलीच नाहीं, तर ती अवकाशांत निघून जाते. मग कितीहि शक्ति ओता, ती परत येत नाहीं.

म्हणून संदेश पोंहोंचला नाहीं, तर प्रथम आवाज वाढवूं नये, वाट तपासावी. हा धडा मला वर्गांत असतांना उमगला असता, तर मागच्या बांकावरच्या कित्येक मुलांचें भलें झालें असतें!