हत्तीचं घर

परीक्षा संपल्या आणि भाचीला बुद्धिबळ शिकवायला बसलो. पट मांडला, मोहरे लावले आणि मला माझ्या आजोबांनी सांगितलं होतं तसंच सांगितलं: हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. तिनं कोपऱ्यातला मोहरा उचलून डोळ्यांजवळ नेला, त्याच्या माथ्यावरच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, हा हत्ती कुठाय? हा तर किल्ल्याचा बुरूज आहे." बुद्धिबळाच्या शिबिराला जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं तिला सांगूनही टाकलं होतं, की हत्ती म्हणणं चूक, खरं नाव 'रूक'.

हे मी अनेकदा ऐकलं आहे आणि दर वेळी मनाला लागतं. आपल्या आजी-आजोबांनी इंग्रजी नावाचं चुकीचं भाषांतर केलं आणि आपण ते वापरत राहिलो, असा त्यातला सूर असतो. पण आपला हत्ती कुणाचंही भाषांतर नाही. त्याची वंशावळ त्या बुरुजापेक्षा जुनी आहे.

मुळात हा खेळ सैन्याच्या चार अंगांचा: पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ. म्हणून चतुरंग. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या 'हर्षचरिता'त चतुरंग आणि अष्टापद, म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट, यांच्यावर श्लेष केलेला आहे. खेळ इराणात आणि तिथून अरबांकडे गेला तेव्हाची मांडणी आपल्याला नीट माहीत आहे. कोपऱ्यात रथ, त्याच्या शेजारी घोडा आणि मग हत्ती. म्हणजे आज आपण जिथे उंट लावतो, तिथे हत्ती होता.

आणि तो चालायचा कसा? तिरकी दोनच घरं, मधल्या घरावरून उडी मारून. भाचीसमोर मी असा हत्ती पटावर फिरवून दाखवला. सगळा पट हिंडला तरी चौसष्टपैकी आठच घरं त्याच्या वाट्याला येतात. दोन्ही बाजूंचे मिळून चार हत्ती, प्रत्येकाची आठ घरं वेगळी. म्हणजे डाव कितीही लांबला तरी एका हत्तीला दुसरा हत्ती कधी मारताच येत नाही. इतका दुबळा हत्ती! चिनी बुद्धिबळात तो अजूनही तिरकी दोन घरंच चालतो. तिथे तर त्याला उडीही मारता येत नाही आणि पटाच्या मधली नदीही ओलांडता येत नाही.

भारतात मात्र हत्तीची चाल एकच नव्हती. गझनीच्या महमूदाच्या काळात इथे आलेला अल-बेरुनी 1030च्या सुमारास लिहितो, की हिंदूंचा हत्ती एक घर पुढे जातो किंवा चारांपैकी कुठल्याही तिरक्या दिशेला एक घर. ही पाच घरं म्हणजे हत्तीची सोंड आणि चार पाय, असंही तो सांगतो. मला हे फार आवडतं. चाल लक्षात ठेवायला पाठांतर नको, डोळ्यांपुढे हत्ती उभा केला की झालं. ब्रह्मदेशच्या जुन्या बुद्धिबळात हत्ती नेमका असाच पाच घरांवर चालतो.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची नोंद अल-अदलीची आहे. हा नवव्या शतकातला, अब्बासी खलिफाच्या दरबारातला नामांकित खेळाडू. त्याचं मूळ पुस्तक हरवलं, पण त्यातला बराच भाग नंतरच्या अरबी हस्तलिखितांत उतरला. हिंदुस्थानात हत्ती कोपऱ्यांत ठेवतात आणि तो सरळ रेषेत दोन घरं उडी मारतो, असं त्यात आहे. कोपऱ्यात आणि सरळ! म्हणजे भाचीच्या मैत्रिणीनं चूक ठरवलेला आपला हत्ती अकराशेहून जास्त वर्षांपूर्वीही त्याच घरात उभा होता.

तो तिथे का गेला असावा, याचा अंदाज बांधता येतो. लढाईतून रथ लवकर बाद झाला, हत्ती पुढे शतकानुशतकं राहिला. 1556 साली पानिपतावर हेमू हत्तीवरूनच लढत होता. ज्यांना रणावर रथ कधी दिसलाच नाही, त्यांनी पटाच्या कोपऱ्यात रथ कशाला ठेवावा? बंगालात त्या जागी नौका आली. तिथे आजही कोपऱ्यात नौका असते आणि गज आपल्या जुन्या, राजा-मंत्र्याजवळच्या घरात असतो. एकाच देशात, एकाच खेळात हत्तीची दोन घरं.

आपल्याकडे हत्ती सरकल्यावर रिकाम्या घरात उंट आला. पूर्वीच्या फौजांत उंट काही दुर्मीळ नव्हता. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखानाही आहे आणि उष्टरखानाही. एक हत्तींचा, एक उंटांचा. शिवाय निरोप घेऊन धावणारा सांडणीस्वार आपल्या बखरींत ठायी ठायी भेटतो. जर्मन लोक याच मोहऱ्याला 'लॉयफर' म्हणतात, म्हणजे धावणारा. तो आणि आपला सांडणीस्वार मला एकमेकांचे सोबती वाटतात.

पीलखान्यातला हा 'पील' पुढे कुठवर गेला बघा. फारसी पील अरबीत 'फील' झाला, कारण अरबीत 'प' नाही. त्याला 'अल' लागून स्पेनमध्ये 'अल्फिल' झाला. स्पॅनिश खेळाडू आजही उंटाला अल्फिलच म्हणतात, आणि त्या शब्दात हत्ती आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं. रशियन लोक तर त्याच मोहऱ्याला सरळ 'स्लोन', म्हणजे हत्ती म्हणतात.

बाकी युरोपात हत्ती हरवला तो आकारामुळे. मुस्लिम देशांत सजीवांच्या आकृती टाळण्यासाठी मोहरे साधे, गोलसर घडवले जात. हत्ती म्हणजे एक ठोकळा आणि त्यावर पुढे आलेले दोन उंचवटे. हे सुळे. ज्यांनी हत्ती पाहिलाच नव्हता, त्यांना त्या दोन टोकांत बिशपची मधे दुभंगलेली उंच टोपी दिसली. फ्रेंचांनी त्याला विदूषक म्हटलं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर 1831 साली बाराव्या शतकातले मोहरे सापडले, बरेचसे वॉलरसच्या सुळ्यात कोरलेले. त्यांत सोळा बिशप आहेत, डोक्यावर टोप्या घातलेले. हत्ती एकही नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे चाली बदलल्या आणि दोन घरं उडणारा हा मोहरा लांब तिरका धावू लागला.

कोपऱ्यातल्या रथाचंही तसंच झालं. फारसी-अरबी 'रुख' हा शब्द युरोपात कुणाला कळेना. इंग्रजीत तो 'रूक' म्हणून राहिला, बाकी बऱ्याच ठिकाणी त्याचा बुरूज झाला. मग एक विलक्षण गोष्ट घडली. मार्को विदा या इटालियन कवीचं बुद्धिबळावरचं लॅटिन काव्य 1527 साली छापलं गेलं. त्यात त्यानं कोपऱ्यातले बुरूज हत्तींच्या पाठीवर बसवले! आपल्याकडचं त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण अंबारीचा हत्ती युरोपातही, थोडा काळ का होईना, त्याच कोपऱ्यात येऊन उभा राहिला. पुढे बुरूज तेवढा उरला. 1849 साली लंडनमध्ये नोंदवलेल्या स्टाँटन नमुन्यात तो कायमचा घडला, आणि आज स्पर्धांत सगळीकडे तेच मोहरे असतात. त्यांतले कितीतरी अमृतसरच्या कारागिरांनी घडवलेले. बुरूज कोरणारे ते हात त्याला हाथीच म्हणतात.

हे सगळं भाचीला एका बैठकीत सांगून झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पट मांडून बसली होती. उंट हातात घेऊन तिनं त्याच्या डोक्यावरची तिरपी खाच दाखवली आणि विचारलं, "आणि ही कशाची?"

ही खाच बिशपच्या टोपीची. आणि ती टोपी ज्यांच्यात दिसली, ते दोन सुळे हत्तीचे.

तिनं उंट पुन्हा एकदा निरखला आणि हत्तीच्या जुन्या घरात ठेवला.