भिंत हवी, पण श्वास घेणारी

२० डिसेंबर १८९३. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत तुम्ही एका खाटेशी उभे आहात. खाटेवर मधुमेहानं खंगलेला पंधरा वर्षांचा मुलगा. स्वादुपिंड काढलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे स्ट्रासबुर्गमध्ये दिसून चारच वर्षं झालीत. इन्सुलिन अजून कुणाला ठाऊक नाही. डॉ. वॉटसन विल्यम्स नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे मुलाच्या कातडीखाली बसवतात. क्लोरोफॉर्मचा गोडसर दर्प तुमच्या घशात उतरतो. तीन दिवसांनी मुलगा जातो. उपायाची दिशा बरोबर होती. पण परकं मांस शरीर नांदू देत नाही.

१९५७. मॉन्ट्रियल. मॅकगिल विद्यापीठाच्या वसतिगृहात थॉमस चँग हा विद्यार्थी हिमोग्लोबिनभोवती कृत्रिम पापुद्रा चढवतोय. वाकून बघा. लहान रेणू त्यातून ये-जा करतात, मोठे आतच राहतात. पुढे हाच चँग सुचवणार आहे की असल्या पापुद्र्याआड जिवंत पेशीही ठेवता येतील.

१९८०. लिम आणि सन या संशोधकांच्या प्रयोगात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटमध्ये मिसळलेत. या मिश्रणाचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात पडतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत शिजलेल्या साबुदाण्यासारखे घट्ट होतात. वर आणखी एक पातळ आवरण चढतं आणि कुपी तयार होते. साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, हल्लेखोर पेशी दाराबाहेर. अशा कुप्या पोटात ठेवल्यावर मधुमेही उंदरांची साखर दोन-तीन आठवडे ताब्यात राहते. उघड्या पेशी मात्र जेमतेम आठवडाभर टिकतात.

आता त्यातल्याच एका उंदराच्या पोटात, कुपीच्या आत शिरा. हल्ला थोपवलाय, पण शरीर बाहेरून तंतूंचा थर चढवू लागलं की प्राणवायू तुटतो. तुम्ही सुरक्षित आहात आणि गुदमरताय.

मार्च २०२५. अमेरिकेत ‘एन्सेल्टो’ला मंजुरी मिळते. मॅक्टेल या दृष्टिपटलाच्या आजारात ही इवलीशी कुपी डोळ्यात बसवतात. आतल्या जनुकबदल केलेल्या मानवी पेशी एक संरक्षक प्रथिन सतत पाझरत ठेवतात. गेलेली नजर परत येत नाही, पण ऱ्हास मंदावतो. डोळ्याला प्रथिन थोडंच पुरतं. मधुमेहाला पेशी भरपूर लागतात आणि त्या सगळ्यांना अखंड प्राणवायू लागतो. अडलंय ते इथेच.

म्हणून यापुढे अशा कुपीची बातमी वाचाल, तेव्हा साखर किती उतरली एवढ्यावर थांबू नका. आतल्या पेशी किती काळ जगल्या, हे आधी विचारा. रुग्णाला औषध देणाऱ्या त्याच आहेत. त्यांची काळजी घेणं हाच उपचाराचा अवघड अर्धा भाग आहे.