रिठावरची चिंच

घाटंजीच्या आसपास चालायला निघालं की फार मोठा चढ लागत नाही. यवतमाळचं पठार इथून पायरी-पायरीने पैनगंगेकडे उतरत जातं आणि वाघाडी नदी त्याच उताराने गावाजवळून वाहते. वावरांतली पांदण धरायची, नाला ओलांडायचा, मुरमाच्या टेकाडावर चढायचं. अर्ध्या-पाऊण तासात माणूस काळ्या दगडाच्या सपाट माथ्यावर पोचतो. मागे पऱ्हाटी आणि तुरीची वावरं, पुढे सागाचं रान. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस ह्यासाठी उत्तम. त्याआधी काळी माती जोडे सोडत नाही आणि त्यानंतर ऊन डोकं वर काढू देत नाही.

ह्या माथ्यांवर मी लहानपणी आबांबरोबर फिरलो. आबा म्हणजे माझे आजोबा. बैल चुकला, तेंदूची पानं पाहायची, मोहाचं झाड राखायचं, असं काही ना काही कारण असे. पण रानात शिरले की ते कामाचं विसरत आणि जमिनीकडे पाहत चालत. एकदा सागांच्या दाटीत अचानक तीन जुनाट चिंचा दिसल्या, खाली सीताफळीची झुडपंच झुडपं. मी फळं तोडायला धावलो, तर म्हणाले, "सागाच्या रानात चिंच कोनी लावत नाही, बापू. चिंच दिसली का समजाचं, इथं कोनाचं तरी आंगन होतं."

ते रीठ होतं. विदर्भात उजाड पडलेल्या गावाला रीठ म्हणतात. माणूस एकही राहत नाही, तरी तलाठ्याच्या दप्तरात मौजाचं नाव असतं, नकाशा असतो, शीव असते आणि सातबाऱ्यावर त्याच नावाने वावरं चालतात. आमच्या भागात फिरताना अशी रिठं वारंवार भेटतात. किल्ले आणि लेणी पाहायला लोक लांब जातात, त्यात वावगं काही नाही. पैनगंगेपलीकडचा माहूरगड किंवा कळंबचा जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून गाठायचा चिंतामणी पाहावा असाच आहे. मला मात्र ह्या न नावाजलेल्या पडक्या जागांची ओढ जास्त आहे, कारण तिथे फलक नाही आणि सांगणारं माणूस सोबत असल्याशिवाय तिथला एकही दगड ओळख देत नाही.

आबांनी मला वाचायला शिकवलं ते असं. भोवती सगळी काळी जमीन आणि मध्येच राखेसारखी भुरकी माती लागली तर ती गावाची पांढर. शंभर पिढ्यांच्या भिंती, चुली आणि शेण तिच्यात मिसळलेलं असतं. लोक गाड्या भरभरून ती वावरात टाकायला नेतात, त्यामुळे रिठं दरवर्षी थोडी थोडी खाली बसतात. पांढरीत खापऱ्या सापडतात, जात्याची फुटकी तळी सापडते. विहीर मिळाली तर तिच्या काठाचा दगड हाताने चाचपायचा. मोटेचा नाडा वर्षानुवर्षं घासून त्यावर घळ पडलेले असतात. त्या रिठावरच्या विहिरीला चार घळ होते. माझी अख्खी मूठ एकेकात बसे. आबा म्हणाले होते, दोन मोटांची विहीर आहे, म्हणजे इथला पाटील साधा नव्हता.

विहिरीच्या वर, थोड्या उंचीवर, हेमाडपंती देवळाचा ढीग आहे. ढीगच म्हणायचा, कारण उभं फक्त दार उरलंय. चुना न वापरता दगडात दगड अडकवून केलेली ही बांधणी यादवांच्या काळातली, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावाने अशी सगळी देवळं ओळखली जातात, त्यातली कितीतरी त्याच्या आधीचीही आहेत. यवतमाळ जिल्ह्यात लोहारा, नेर, केळापूर, जुगाद अशा कितीतरी गावी ती आहेत. आमच्या रिठावरच्या दाराचा उंबरठा अजून जागेवर आहे. मधोमध अर्धगोल पुढे आलेला, दोन्ही बाजूंना डोळे वटारलेली कीर्तिमुखं. डावीकडच्याचे दात स्पष्ट मोजता येतात, उजवीकडचं गुरांच्या खुरांनी गुळगुळीत झालंय. पडलेल्या तुळयांच्या टोकांना खाचा आणि कुसू दिसतात. कडेने बोट फिरवलं की कळतं, देऊळ लाकडाच्या खाटेसारखं जोडलेलं होतं.

गाव का उठलं? आबांचं उत्तर पक्कं होतं: मानमोडी. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीला आपल्याकडे हेच नाव पडलं. आबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ते सांगत की लोकांनी आधी गाव सोडून वावरात मांडव टाकले, पुढे थंडी पडली तरी परत कोणी गेलं नाही. मग एक दिवस बैलगाड्या आल्या आणि घरांची दारं, चौकटी, खांब उपसून निघाले. सागाचं लाकूड कोण सोडणार? आमच्या घराच्या मधल्या दाराची चौकट त्याच गावची. तिच्यावर कोरलेल्या वेलीत एका जागी पान अर्धवट आहे. आजी त्या पानाला दर सणाला हळदकुंकू लावायची, का ते तिने कधी सांगितलं नाही. देव मात्र कोणी हलवला नाही. मारोती चिंचेखाली तसाच राहिला आणि हनुमान जयंतीला त्या मौजात वावर असलेली घरं आजही तिथे शेंदूर आणि नारळ घेऊन जातात.

गाव उठण्याला साथ हेच एकमेव कारण नसे. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले अशी दुअंमली होती. दोन सरकारांचे दोन वसूलदार एकाच खळ्यावर उभे. इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या युद्धानंतर देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि त्याच सुमारास वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. मग १८१८. दुसरा बाजीराव पेशवा नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी हात मिळवायच्या आशेने ह्या बाजूला आला होता. १७ एप्रिलला इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला पांढरकवड्याकडच्या शिवणीजवळ गाठलं. पेशव्याच्या पाच तोफा, तीन हत्ती आणि दोनशे उंट इंग्रजांच्या हाती पडले, हजाराच्या वर माणूस कापलं गेलं आणि बाजीराव घोड्यावर बसून निसटला. पुढे जूनमध्ये तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

आमच्या तालुक्यातही शिवणी आहे आणि म्हाताऱ्यांच्या मते लढाई तिथलीच. ते ती वेगळ्या तऱ्हेने सांगतात. पेशव्याने रात्री खजिना गाडला, गाडणारे मारले आणि खुणेला चिंच लावली. लढाईतली तारीख, सेनापती, तोफा सगळं गळून गेलं. पळण्याची घाई आणि मागे टाकलेलं धन तेवढं तोंडातोंडी टिकलं. ह्या गोष्टीने आमच्या रिठांचा घात केलाय. गुप्तधनाच्या नादाने लोक अमावास्येला येतात आणि देवळाचा गाभारा खोदतात. आमच्या रिठावर पिंडीखाली पुरुषभर खड्डा केला होता आणि नंदी उलथा पाडून त्याचं तोंड फोडलं होतं. म्हणून मी त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही. ज्याला खरंच पाहायचं आहे त्याने घाटंजीत यावं, मी पायी घेऊन जातो.

पायी जायचं म्हणजे वाघाचं भान हवं. टिपेश्वर अभयारण्य घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत पसरलंय, जवळजवळ १४८ चौरस किलोमीटर. आत चालायला बंदी आहे. सुन्ना, माथनी, कोदोरीच्या दारातून जिप्सीनेच जावं लागतं. वाघाला ती हद्द ठाऊक नाही. २०१९ मध्ये इथूनच निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तेलंगणातून, मराठवाड्यातून फिरत तेराशे किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला 'वॉकर' असंच नाव पडलं. अभयारण्याच्या पोटातलं टिपेश्वर गावही आता उठवून बाहेर वसवलंय. आणखी एक रीठ, आपल्या डोळ्यांदेखत झालेलं. आम्ही चालतो ते हद्दीबाहेर, सकाळी ऊन वर आल्यावर, चार-पाच जण मिळून आणि गुराख्याला विचारून.

गेल्या काही वर्षांत मी तिथे जाताना जवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्या मायला सोबत घेतो. तिने माझ्या आबांची गोष्ट अर्धी खोडून काढली. चिंचेच्या खालचा गाव कुणब्यांचा, तो मानमोडीत गेला, हे तिला मान्य. पण देवळाच्या मागे, धावड्याच्या झाडांत, दगडांच्या ओळी आहेत. त्यांच्याकडे आबांनी मला कधी नेलं नव्हतं. ती तिथे बसली आणि म्हणाली, "हे आमचं पोड. साहेबानं जंगल बंद केलं तवा उठवलं. गावबांधनीले आमचा म्हातारा इथवरच येत होता, त्या दगडापावतर." गावबांधणी म्हणजे गावाच्या राखणीसाठी शिवेवर करायचा विधी. मग तिने घरं दाखवली. ही चावडी, हा नायकाचा ओटा, इथे मोठी देवी. इंग्रजांनी सागवान राखीव केलं तेव्हा किती पोडं अशी सरकवली गेली, त्याचा हिशेब गावकऱ्यांच्या आठवणीतच आहे.

ही आठवण आता कागदावर चढू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ ची जी नियमावली आली, तिच्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. तीत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून धरलंय. जुन्या बांधकामांचे अवशेष, देवस्थानं, पवित्र झाडं, दफनाच्या जागाही धरल्यात. म्हणजे मायचं बोलणं आणि त्या दगडांच्या ओळी ह्या दोन्हींना ग्रामसभेत वजन आहे.

म्हणून हल्ली आमचं फिरणं सावकाश चालतं. पोडावरची दोन शिकलेली पोरं मोबाईलवर प्रत्येक दगडाची जागा नोंदवतात, माय सांगते ते मी वहीत उतरवतो आणि रात्री तिला वाचून दाखवतो. ती ऐकता ऐकता दुरुस्त करते. परवा तिने विहिरीचं वाक्य बदलायला लावलं. दोन मोटांच्या विहिरीवर एक मोट कोलामांची होती म्हणे, आणि ती पाटलाच्या आधीपासून. मी आबांची ओळ तशीच ठेवून खाली तिची ओळ लिहिली. तिने अंगठा केला.