सॅक पाठीवर टाकून सौदी: शहर, डोंगर, वाळवंट आणि किनारा

सौदीत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मंडळींचा इथला भूगोल साधारण ठरलेला असतो. घर किंवा कॅम्प, ऑफिस किंवा साइट, शुक्रवारची खरेदी आणि विमानतळ. दहा-पंधरा वर्षे इथे काढून फायनल एक्झिटवर परत जाणारे कितीतरी जण एवढेच पाहून जातात. शहरे, डोंगर, वाळवंट आणि समुद्र एकाच सहलीत हवे म्हणून लोक मोरोक्कोची तिकिटे काढतात. पण हे चारही प्रकार आपल्या इकाम्यावर, बसच्या तिकिटात पाहता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

याला जुनी कारणेही आहेत. पूर्वी दुसऱ्या शहरी जायचे तर कफीलचे पत्र जवळ ठेवावे लागे आणि मदाइन सालेहला जायचे तर पुरातत्त्व खात्याचा परवाना आधी काढावा लागे. सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि चित्र पालटले. आज चालू इकामा असलेल्याला देशात फिरायला वेगळे पत्र लागत नाही. रजा मात्र लेखी मंजूर करून घ्या. कामावरून न सांगता गायब झाल्याची तक्रार (आपण ज्याला 'हुरूब' म्हणतो ती) एकदा लागली की ती काढताना नाकी नऊ येतात. चार दिवसांच्या सहलीसाठी नोकरी पणाला लावू नये.

जेद्दा ते जीझान

एकच मार्ग सुचवायचा तर आम्ही हा सुचवू. सुरुवात जेद्दाच्या बलद भागातून करावी. प्रवाळाच्या दगडांची उंच घरे आणि त्यांना लाकडी जाळीचे सज्जे (इथे त्यांना 'रवाशीन' म्हणतात) ही या जुन्या शहराची ओळख. २०१४ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याला त्याची ओळख वेगळ्याच वाटेने आहे. मुंबईहून हाजींना घेऊन येणारी जहाजे १९९५ पर्यंत याच बंदराला लागत. रत्नागिरी-रायगडकडच्या अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी सौदीची जमीन पहिल्यांदा पाहिली ती इथेच.

जेद्दाहून ताइफला जाताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सरळ रस्ता मक्केवरून जातो आणि तिथे मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. त्यांच्यासाठी बाहेरून वळणारा रस्ता आहे. स्वतःच्या गाडीत फलक पाहून वळता येते, बसमध्ये ते आपल्या हातात नसते. म्हणून तिकीट काढतानाच गाडी कोणत्या रस्त्याने जाते ते विचारा आणि टॅक्सीवाल्यालाही बसण्यापूर्वी सांगा. आपल्यातील मुस्लिम मंडळींना मक्केत उमरा करून पुढे ताइफ गाठता येते. हजच्या आधीचे काही आठवडे मात्र मक्केच्या नाक्यांवर परवान्याची कडक तपासणी असते, तेव्हा हा बेत टाळलेला बरा.

अल-हदाचा घाट चढताना खंबाटकीची आठवण येईल, पण हा त्याहून बराच उंच. ताइफची उंची महाबळेश्वरपेक्षा जास्त आहे. मार्च-एप्रिलमध्ये गुलाबाचा हंगाम असतो आणि तांब्याच्या हंड्यांतून अत्तर काढण्याचे काम जोरात चालते. घाटात माकडे (बबून) गाडीपाशी येतात. त्यांना खाऊ घालू नका, सॅकची चेन उघडायला ती माथेरानच्या माकडांइतकीच तरबेज आहेत.

पुढे अल-बाहाजवळ झी ऐन हे गाव लागते. पांढऱ्या संगमरवरी टेकडीवर दगडी घरे, खाली बारमाही झरा आणि त्यावर पोसलेली केळीची बाग. कोकणातल्या माणसाचा पाय तिथून लवकर निघत नाही. त्यानंतर अबहा. जवळचा जबल सौदा सुमारे ३,००० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. जुलै-ऑगस्टमध्ये रियाध ४५ अंशांवर असताना इथे धुके आणि सरी असतात, त्यामुळे त्या दिवसांत सौदी कुटुंबांची गर्दी होते आणि खोल्यांचे भाडे चढते. डोंगराच्या पायथ्याचे रिजाल अल्मा हे अनेक मजली दगडी घरांचे गाव जरूर पाहावे. डोक्यावर फुलांचे गजरे घालणारे पुरुष याच भागातले. तिथे बस जात नाही, चार-पाच जणांत टॅक्सी ठरवावी.

अबहाहून उतरले की जीझान आणि तिथली दमट हवा. फरसान बेटांची फेरी बोट इथून सुटते. बोटीला तिकीट पडत नाही, पण जागा आधी नोंदवावी लागते आणि मूळ इकामा लागतो. तासाभरात आपण बेटावर. खारफुटी, हरणे, निळे पाणी आणि मोत्यांच्या एका व्यापाऱ्याने बांधलेले नक्षीदार रिफाई घर ही तिथली आकर्षणे.

अल-उला

ज्यांनी वेरूळ पाहिले आहे त्यांनी हेग्रा (मदाइन सालेह) पाहिल्याशिवाय सौदी सोडू नये. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी वाळूच्या खडकात कोरलेली १११ मोठी थडगी इथे आहेत. कैलास लेण्यासारखेच कामाला वरून खाली सुरुवात होई. एकट्या खडकात कोरलेल्या कस्र अल-फरीदचा खालचा भाग अपुराच राहिला आहे, त्यावरून ही पद्धत डोळ्यांना दिसते. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेले हे सौदीतले पहिले स्थळ. आत आपली गाडी नेता येत नाही. ठरलेल्या वेळेची सहल आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. हिवाळ्यात उत्सवांमुळे राहण्याचे दर फार चढतात, तेव्हा सॅकवाल्यांनी आठवड्याच्या मधले दिवस धरावेत.

वाळवंट

इथे मात्र सॅक टाकून निघालो, असे चालत नाही. रुब अल-खाली सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन महाराष्ट्र त्यात मावतील. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणाचा एक तरुण कामगार आणि त्याचा सुदानी सहकारी तिथे रस्ता चुकले, गाडीचे इंधन संपले आणि दोघेही तहानेने गेले. ते कामावर होते, मौजेला गेले नव्हते. तेव्हा एकट्या गाडीने जाऊ नये, दोन फोर-व्हील गाड्या आणि वाट माहीत असलेला माणूस हवाच. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी, शिवाय दोन दिवसांचे जास्तीचे. गाडी अडकली तर ती सोडून चालत निघू नका, वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. मे ते सप्टेंबर वाळवंटाचे नावही काढू नये. रियाधकरांना चव हवी असेल तर शहरापासून दीडेक तासावर जबल फिहरीन, ज्याला लोक 'जगाचा कडा' म्हणतात, तिथे हिवाळ्यात जावे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली पाहिलेल्यांना तो पाहताच जुनी ओळख पटेल. तिथेही शेवटचा रस्ता कच्चाच आहे.

जाता जाता

लांब पल्ल्याची बससेवा पूर्वी साप्टकोकडे होती, २०२३ पासून ती विभागवार वेगवेगळ्या कंपन्यांत वाटली गेली आहे, म्हणून वेळापत्रक दर वेळी नव्याने पाहावे. राहायला 'शुक्का मफरूशा', म्हणजे सामानसुमानासह भाड्याची खोली, हॉटेलपेक्षा स्वस्त पडते आणि चूलही मिळते. शाकाहारींनी घाबरू नये. फूल, तमीस, फलाफल गावोगावी मिळते आणि नाक्यावरच्या मल्याळी बुफियात चहा-पराठा असतोच. नाक्यावर, राजवाड्यांपाशी आणि अनोळखी स्त्रियांचे फोटो काढू नयेत. रुग्णवाहिकेसाठी रेड क्रेसेंटचा क्रमांक ९९७. २२ फेब्रुवारीच्या स्थापनादिनाची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली तर हवाही छान असते. ताइफ-अबहाच्या खोल्या मात्र महिनाभर आधी धरून ठेवा.